तीन संत्री आणि न आलेला चौथा माणूस

धरमपेठेतील एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्या त्यांच्या मुलीला पुढील कोडे मिळाले: ‘दोन बाप आणि दोन लेक संत्रा मार्केटमध्ये गेले. त्यांनी तीन संत्री घेतली. प्रत्येकाने एक अख्खे संत्रे खाल्ले आणि एकही उरले नाही. हे कसे?’ मुलीने बराच वेळ डोके खपवले, उत्तर निघाले नाही. आणि आजोबा, वडील व नातू असे तिघेच होते हे सांगितल्यावर ती म्हणाली, की ही शुद्ध फसवणूक आहे. पालकांचे म्हणणे असे, की उत्तर ऐकले की पटते, पण ते शोधावे कसे हे कोणी सांगत नाही. जो तो ‘वेगळा विचार कर’ म्हणून मोकळा होतो. तेव्हा अशा कोड्यांना काही रीत असते का, आणि मुलीच्या तक्रारीत तथ्य आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

रीत आहे. नागपुरात गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी हे दोन्ही विषय शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि ‘वेगळा विचार कर’ या सल्ल्याने एखाद्या मुलाचे कोडे सुटल्याचे मी अजून पाहिलेले नाही. याचे कारण उघड आहे. जे गृहीत धरले आहे ते आपल्याला दिसत असते, तर ते आपण सोडलेच असते. मग जे दिसतच नाही त्याच्यापेक्षा वेगळे काय करायचे, हे मुलाने ठरवायचे तरी कसे? म्हणून मी मुलांना जवळजवळ उलटे काम देतो. कोडे सोडवू नका, ते सुटणे अशक्य आहे असे सिद्ध करा आणि ती सिद्धता कागदावर पायरी-पायरीने लिहा, असे मी सांगतो. मुलांना हे आवडते, कारण अशक्य आहे असे त्यांना तोवर वाटतच असते. त्यानंतर प्रत्येक पायरीसमोर ‘दिलेले’ किंवा ‘माझे’ यांपैकी एक शब्द लिहायचा. कोडे खरोखर सुटणारे असेल, तर अशक्यतेच्या सिद्धतेत कुठेतरी चूक असलीच पाहिजे, आणि ती चूक ‘माझे’ लिहिलेल्या पायऱ्यांतच सापडते. अशा रीतीने गृहीतक अंधारात चाचपडत शोधण्याऐवजी चार-पाच ओळींत शोधता येते.

संत्र्यांच्या कोड्याला हीच रीत लावून पाहू. मुले प्रथम काय करतात, तर संत्री सोलून फोडी वाटायला बसतात. नागपूरच्या मुलाला तीन संत्री चौघांत वाटणे अजिबात अवघड वाटत नाही. ती वाट ‘अख्खे’ या शब्दाने बंद केली आहे, आणि तो शब्द कोड्यात नसेल तर कोडेच उरत नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. मग सिद्धता अशी होते: बाप दोन आहेत, लेक दोन आहेत, म्हणून माणसे चार आहेत, प्रत्येकाने एक संत्रे खाल्ले, म्हणून चार संत्री लागतील, संत्री तीनच आहेत, म्हणून हे अशक्य आहे. आता खुणा करू. बाप दोन, हे दिलेले. लेक दोन, हे दिलेले. प्रत्येकाला एक, हेही दिलेले. ‘म्हणून माणसे चार’ हे मात्र कोड्यात कोठेही लिहिलेले नाही; ते वाचणाऱ्याने बेरीज करून आणले आहे. इथे मुले हटकून वाद घालतात, की दोन आणि दोन चार हे काय ‘माझे’ झाले? तो वाद घालू द्यावा, कारण सगळे कोडे त्या वादातच आहे. दोन गटांतील संख्यांची बेरीज करून एकूण माणसे तेव्हाच मिळतात, जेव्हा कोणीही एक माणूस दोन्ही गटांत मोजलेला नसतो. वर्गातील क्रिकेट खेळणारी मुले आणि कबड्डी खेळणारी मुले मिळून किती, हा प्रश्न विचारला तर हीच मुले लगेच म्हणतात, की दोन्ही खेळणारे आधी वजा करा. संचांच्या धड्यात हे सूत्र पाठ असते. फक्त बाप आणि लेक हेही दोन संचच आहेत, हे सुचत नाही.

एकदा ही पायरी पकडली, की पुढे सुचण्याची गरज उरत नाही, साधे गणित पुरते. दोन्ही गटांत मोजलेली माणसे क्ष मानली तर २ + २ − क्ष = ३, म्हणजे क्ष = १. एक माणूस बापही आहे आणि लेकही आहे. आजोबा, वडील, नातू हे उत्तर येथून निघते, ते आभाळातून पडत नाही.

परंतु मी येथे थांबत नाही, आणि पालकांनीही थांबू नये, कारण खरी मजा यापुढे आहे. समजा, एखाद्या मुलाने उत्तर दिले, की एक म्हातारे गृहस्थ आपल्या दोन मुलांना घेऊन बाजारात गेले आणि त्या दोन मुलांपैकी थोरल्याला घरी एक लहान मुलगी आहे. बाप किती? म्हातारे गृहस्थ आणि थोरला, असे दोन. लेक किती? थोरला आणि धाकटा, असे दोन. माणसे तीन, संत्री तीन. या उत्तरात चूक काढून दाखवा! पुस्तकाच्या मागे ‘आजोबा, वडील, नातू’ असे छापलेले असते म्हणून हे उत्तर चुकीचे ठरवणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. छापील उत्तर एकमेव ठरते ते आणखी एक गोष्ट गृहीत धरली तर: बाप म्हणजे तेथे हजर असलेल्यांपैकी कोणाचा तरी बाप, आणि लेकही तसाच. ही अट घातली, की उत्तर एकच उरते. दोन्ही गटांत असलेल्या माणसाचा बाप तिघांत हवा आणि त्याचे मूलही तिघांतच हवे. तो स्वतः स्वतःचा कोणी होऊ शकत नाही, म्हणून उरलेल्या दोघांपैकी एक त्याचा बाप आणि दुसरा त्याचा लेक. ही अट मात्र कोड्याने घातलेली नाही, उत्तर छापणाऱ्याने घातली आहे. आणि अगदी काटेकोर वाचायचे तर प्रत्येक पुरुष हा कोणाचा तरी लेक असतोच. मग ज्यांना मुले आहेत असे कोणतेही दोन गृहस्थ ‘दोन बाप आणि दोन लेक’ ठरतात आणि एक संत्रे शिल्लक राहते. कोड्यातील गृहीतक शोधताना उत्तरातले गृहीतक सुटून जाते, आणि तेही शोधून काढणारी मुलगी माझ्या दृष्टीने अधिक पुढे गेलेली असते.

रीत केवळ नात्यांच्या कोड्यापुरती नाही, हे दाखवण्यासाठी काड्यांचे कोडे घ्यावे. सारख्या लांबीच्या सहा काड्यांपासून चार समभुज त्रिकोण करायचे, प्रत्येक त्रिकोणाची बाजू म्हणजे एक पूर्ण काडी; काडी मोडायची नाही. मुले टेबलावर काड्या सरकवत बसतात. तसे न करता अशक्यता लिहायला लावावी. चार त्रिकोणांच्या बाजू बारा होतात आणि काड्या सहा आहेत, म्हणून प्रत्येक काडी दोन त्रिकोणांची बाजू असली पाहिजे. आता आकृतीच्या बाहेरच्या कडेवर जी काडी असेल, तिच्या एकाच अंगाला त्रिकोण असतो, दुसऱ्या अंगाला मोकळे टेबल असते. म्हणजे ती एकाच त्रिकोणाच्या कामाला येते. म्हणून हे अशक्य. सिद्धता उत्तम आहे, फक्त ‘आकृतीला बाहेरची कडा असते’ ही पायरी ‘माझी’ आहे. कडाच नको असेल तर आकृती स्वतःभोवती मिटली पाहिजे, आणि सपाट टेबलावर ते होत नाही. तीन काड्यांचा त्रिकोण टेबलावर ठेवून उरलेल्या तीन काड्या त्याच्या कोपऱ्यांवरून वर एका टोकाला मिळवल्या, की चार तोंडांचा पिरॅमिड तयार होतो. हे उत्तर ‘सुचले’ असे नंतर सगळे म्हणतात. प्रत्यक्षात ते बारा आणि सहा या दोन आकड्यांतून निघाले आहे.

एक गृहीतक सोडले तरी कोडे सुटत नाही असेही होते, आणि त्याचे गाजलेले उदाहरण म्हणजे नऊ ठिपक्यांचे कोडे. तीन ओळींत तीन-तीन असे नऊ ठिपके आणि हात न उचलता काढलेल्या चार सरळ रेषांनी ते सगळे जोडायचे. अमेरिकी कोडेकार सॅम लॉइड यांच्या १९१४ साली निघालेल्या कोड्यांच्या जाडजूड संग्रहात ते आहे. ‘चौकटीबाहेर विचार करा’ म्हणणारे लोक हेच कोडे पुढे करतात, कारण रेषा ठिपक्यांच्या चौकोनाबाहेर नेल्याशिवाय ते सुटत नाही. मात्र १९८१ मध्ये रॉबर्ट वाइसबर्ग आणि जोसेफ आल्बा या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना रेषा चौकोनाबाहेर न्यायला हवी हे चक्क सांगून पाहिले, आणि तरीही बहुतेकांना कोडे सुटले नाही. हे मी वर्गात केव्हाही करून दाखवू शकतो. मुले रेषा बाहेर नेतात खरी, पण वळण घ्यायला परत एखाद्या ठिपक्यावरच येतात, कारण ‘रेषा ठिपक्यावरच वळते’ हे दुसरे गृहीतक पहिल्याच्या मागे दडलेले असते. वरच्या डाव्या ठिपक्यापासून निघून वरची ओळ ओलांडून एक घर पुढे जायचे. तेथून तिरपे खाली डावीकडे, उजव्या रांगेतील मधला आणि खालच्या ओळीतील मधला ठिपका घेत, डाव्या रांगेच्या खाली एक घर अंतरावर यायचे. मग सरळ वर सुरुवातीच्या ठिपक्यापर्यंत, आणि शेवटी मधून तिरपे खालच्या उजव्या कोपऱ्यात. यातली दोन वळणे मोकळ्या जागेत आहेत. शिवाय ठिपक्यांना थोडी जाडी आहे असे मानले, तर ठिपक्यांच्या मधोमध न जाता कडेकडेने जाणाऱ्या, खूप लांब, किंचित तिरप्या अशा तीन रेषांतही हे काम होते. म्हणजे चार रेषांचे छापील उत्तर ठिपक्याला जाडी नसते, असे मनात धरून दिलेले आहे. अशी कोडी मुलांना देताना, एक ‘माझे’ सापडले म्हणून बाकीची तपासणी सोडू नये, एवढे बजावून ठेवावे.

आता फसवणुकीच्या तक्रारीकडे येतो. मुलीची तक्रार या कोड्यापुरती मला मान्य नाही, पण तिने प्रश्न योग्य विचारला आहे. माझी कसोटी अशी: उत्तर कळल्यावर कोडे पुन्हा सावकाश वाचावे आणि दोन गोष्टी पाहाव्यात, त्यातले एखादे वाक्य खोटे ठरते का, आणि उत्तरासाठी आवश्यक असलेली एखादी माहिती दडवून ठेवली होती का. संत्र्यांच्या कोड्यात दोन्ही होत नाही. जे चुकले ते वाचणाऱ्याने भर घातली म्हणून चुकले. याउलट दहाव्या मजल्यावर राहणारा माणूस सकाळी लिफ्टने खालपर्यंत येतो, पण संध्याकाळी सातव्या मजल्यावर उतरून पुढे जिना का चढतो, हे कोडे घ्या. तो ठेंगणा आहे, वरच्या बटणापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही, हे उत्तर. त्याची उंची कोड्यात नाही, तिच्याकडे नेणारा एकही आकडा नाही, आणि लिफ्टचे बटण बिघडले असण्यापासून रोज थोडा व्यायाम करण्यापर्यंत दहा उत्तरे तितकीच बसतात. असे कोडे प्रश्न विचारत विचारत खेळायला ठीक आहे. ‘सोडव’ म्हणून मुलापुढे टाकणे गैर आहे.

आणि एक तिसरा प्रकार असतो, ज्यात गृहीतक वाचणाऱ्याचे नसून सांगणाऱ्याने हळूच हातात दिलेले असते. खरी लबाडी येथे आहे. तीन मित्र गणेशपेठेतील एका लॉजवर उतरतात आणि प्रत्येकी १०० असे ३०० रुपये देतात. मालकाला आठवते, की भाडे २५० आहे. तो पोऱ्याजवळ ५० रुपये परत पाठवतो. पोऱ्या २० रुपये खिशात घालतो आणि तिघांना दहा-दहा देतो. म्हणजे प्रत्येकाचे ९० गेले, तिघांचे २७०, पोऱ्याजवळ २०, झाले २९०. दहा रुपये कुठे गेले? येथे अशक्यतेची सिद्धता सांगणाऱ्यानेच लिहून दिली आहे, म्हणून तिच्यावर खुणा करणे तर अधिकच सोपे. २७० मध्ये २० का मिळवायचे? याला कारण दिलेलेच नाही. व्यापारी माणसाला हे कोडे घालून पाहावे. इतवारीतला दुकानदार क्षणभर थांबून जमाखर्च मांडतो: तिघांकडून गेले २७०, त्यातले मालकाकडे २५०, पोऱ्याकडे २०, हिशेब पुरा. पोऱ्याचे वीस त्या २७० मध्येच आहेत, ते पुन्हा मिळवणे म्हणजे एकच रक्कम दोनदा लिहिणे. ३०० ला पोहोचायचे तर २७० मध्ये तिघांना परत मिळालेले ३० मिळवावेत.

आपल्या गावचे म्हणून एक कोडे मी आवर्जून देतो. नागपुरात सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली घड्याळात बरोबर बारा वाजता पूर्ण नाहीशी होते, असे दिवस वर्षात किती? काही मुले ‘रोज’ म्हणतात. त्यांनी दुपारी सूर्य नेहमी डोक्यावर असतो असे धरलेले असते. भूगोल वाचलेली मुले ‘दोन’ म्हणतात, आणि त्यांचा विचार बरोबर दिशेने असतो: नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे सूर्य उत्तरेकडे सरकताना २६ मेच्या सुमारास आणि परतताना १७ जुलैच्या सुमारास बरोबर माथ्यावर येतो. जुलैत ढगांमुळे तो बहुधा पाहायला मिळत नाही, ते सोडून द्या. पण उत्तर दोनही नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि नागपूर साधारण ७९.१ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने येथील मध्यान्ह सरासरीने तेरा-चौदा मिनिटे उशिरा होते. मेअखेरीस ती १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास येते आणि जुलैच्या मध्यास १२ वाजून २० मिनिटांच्या जवळ. २६ मे रोजी बाराच्या ठोक्याला एक मीटरच्या काठीची सावली सुमारे चार सेंटिमीटर उरलेली असते. म्हणून कोड्याचे उत्तर शून्य. हुशार मुले येथे अडकतात, कारण पहिले गृहीतक पकडल्याच्या आनंदात, घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा एकच, हे दुसरे गृहीतक त्यांनी तपासलेले नसते.

याच सवयीवर पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता, आणि तो घरी खेळण्यासारखा आहे. मनात एक नियम धरून मुलीला सांगायचे, की २, ४, ६ हे तीन आकडे त्या नियमात बसतात. तिने आपले तीन-तीन आकडे सांगून नियम ओळखायचा, आपण प्रत्येक वेळी फक्त ‘बसते’ किंवा ‘बसत नाही’ म्हणायचे. बहुतेक जण ८, १०, १२ किंवा २०, २२, २४ असे विचारतात, प्रत्येक वेळी होकार मिळतो, आणि ते ‘दोनाने वाढणारे आकडे’ असा नियम छातीठोकपणे सांगतात. नियम असतो तो एवढाच, की आकडे चढत्या क्रमाने असावेत. १, २, ५० असे विचारले असते तर लगेच उलगडा झाला असता. आपल्या कल्पनेला होकार मिळेल असेच आपण विचारतो; ती मोडेल असे विचारण्याची सवय मुद्दाम लावावी लागते. अशक्यतेची सिद्धता लिहून तिच्यातली चूक शोधणे म्हणजे हीच सवय कागदावर आणणे होय.

घरी सराव घेताना क्रम असा ठेवावा, असे मला वाटते: प्रथम संत्र्यांसारखी, एकच गृहीतक असलेली कोडी, मग काड्यांचे, ज्यात सिद्धता आकड्यांवर चालते, मग नऊ ठिपके, ज्यात थर आहेत. लॉजचे कोडे मध्येच केव्हाही द्यावे, कारण त्याने सांगणाऱ्यावरही खूण करायची असते हे कळते. एका बैठकीला एक कोडे पुरे. उत्तर लवकर सांगून टाकू नये, पण मूल अडले तर ‘तुझी सिद्धता मोठ्याने वाच’ एवढे म्हणावे. पुष्कळदा वाचताना ‘म्हणून’ शब्दापाशी मूल आपणच अडखळते, आणि तेथेच बोट ठेवायचे असते. ज्या मुलांना आधी उत्तर माहीत असते त्यांना दुसरे उत्तर शोधायला लावावे, म्हणजे तीही रिकामी बसत नाहीत.

एक व्यावहारिक सूचना मात्र करायला हवी, कारण प्रश्न परीक्षेच्या तयारीतून आलेला आहे. परीक्षेच्या पेपरात हा सगळा खटाटोप करू नये. तेथे चार पर्याय दिलेले असतात, वेळ मोजका असतो आणि प्रश्न काढणाऱ्याने नेहमीचा अर्थ धरलेला असतो. नात्यांवरच्या प्रश्नात ‘थोरल्याला घरी मुलगी आहे’ असे काही मनाने घालायला गेल्यास सोपा गुण हातचा जाईल. पेपरात एखादा प्रश्न पहिल्या वाचनात अशक्य वाटला, आकडे जुळत नाहीत असे दिसले, तरच कच्च्या कामाच्या जागेत दोन ओळींची सिद्धता लिहावी, ‘म्हणून’ कुठे आला ते पाहावे आणि एक माणूस, एक रक्कम किंवा एक दिवस दोनदा मोजला गेला आहे का, हे आधी तपासावे. माझ्या पाहण्यातल्या अशा प्रश्नांत बहुतेक वेळा घोळ तेथेच निघतो. तेथे निघाला नाही तर प्रश्न सोडून पुढे जावे आणि शेवटी वेळ उरल्यास परत यावे.